भारतात राहून जोडीदारासाठी आय-१३०: अमेरिकेत राहण्याची अट नेमकी कुठे लागते?

आई-वडिलांजवळ राहायला पुण्यात, नाशकात, ठाण्यात परतलेले अमेरिकन नागरिक आता जवळपास प्रत्येक सोसायटीत भेटतात. कुणाला कंपनीने हिंजवडीत पाठवलेलं असतं, कुणी इथेच लग्न करून संसार थाटलेला असतो. काही वर्षांनी परत जायचं ठरतं आणि पहिली चिंता सुरू होते: मी स्वतःच अमेरिकेत राहत नाही, मग बायकोसाठी किंवा नवऱ्यासाठी ग्रीनकार्डाचं पिटिशन, म्हणजे आय-१३० हा अर्ज, करता येईल का? आधी आपण एकट्याने पुढे जाऊन घर करायचं आणि मग मागाहून कुटुंब न्यायचं, असंच करावं लागतं का?

अर्ज करण्यासाठी अमेरिकेत राहत असण्याची अट नाही. मात्र व्हिसा मिळण्याच्या वेळी तुमचं कायमचं घर अमेरिकेत आहे, किंवा जोडीदार तिथे पोचेपर्यंत ते होणार आहे, हे दाखवावं लागतं. या दोन टप्प्यांच्या मध्ये कित्येक महिने, बहुतेकदा वर्षाहून जास्त काळ जातो. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी जोडपी विनाकारण ताटातूट सोसतात. एक जण न्यू जर्सीत खोली भाड्याने घेऊन बसतो आणि दुसरी इथे लहान मुलं घेऊन वाट बघते. बऱ्याच घरांत ते टाळता येण्यासारखं असतं, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिला आहे.

आधी हे पाहा: तुम्ही सिटिझन आहात की ग्रीनकार्डधारक?

पुढचं जवळजवळ सगळं अमेरिकन नागरिकांना लागू आहे. नागरिकाचा जोडीदार ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ गटात येतो आणि त्या गटाला वार्षिक कोटा नाही, म्हणजे रांगेत तारीख यायची वाट बघावी लागत नाही.

ग्रीनकार्डधारकाचं तसं नाही. त्याचा जोडीदार एफ-२ए या गटात जातो, तिथे कोटा असतो आणि दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये तारीख पाहावी लागते. त्याहून मोठी अडचण म्हणजे ग्रीनकार्ड हे अमेरिकेत कायम राहण्यासाठीच दिलेलं असतं. सलग वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही आणि रहिवास सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. जाणं लांबणार असेल तर रीएन्ट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ते साधारण दोन वर्षांपर्यंतचं मिळतं. तेव्हा ग्रीनकार्डवर असाल आणि इथे येऊन बरेच महिने झाले असतील, तर जोडीदाराच्या पिटिशनआधी स्वतःचं कार्ड शाबूत आहे का, हे इमिग्रेशन वकिलाला विचारा. हा खर्च वाचवण्याच्या भानगडीत पडू नका.

पायरी १: आय-१३० इथूनच भरा

यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, संकेतस्थळावर खातं उघडून आय-१३० ऑनलाइन भरता येतो. फॉर्ममध्ये भारतातला पत्ता चालतो. कोथरूडचा पत्ता लिहिला म्हणून अर्ज परत येत नाही. उलट मेव्हण्याचा अमेरिकेतला पत्ता आपण तिथेच राहतो असं दाखवून लिहिणं धोक्याचं, कारण पुढे प्रत्येक कागदावर तुमचा राहता पत्ता विचारला जातो आणि तो सगळीकडे जुळावा लागतो. खरं असेल तेच लिहा.

१ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन अर्जाची फी ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाची ६७५ डॉलर झाली. फी बदलत असते, म्हणून भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या फी कॅल्क्युलेटरवर खात्री करून घ्या. ऑनलाइन अर्जाला क्रेडिट कार्ड चालतं. कुरिअरची धाकधूक नाही, पावती लगेच खात्यात दिसते. इथे राहणाऱ्यांनी ऑनलाइनच भरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

सोबत लागतं ते असं: तुमच्या नागरिकत्वाचा पुरावा, म्हणजे पासपोर्ट किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, दोघांपैकी कुणाचंही आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला, आणि जोडीदाराची माहिती देणारा आय-१३०ए. शिवाय संसार खरा आहे याचे पुरावे. तुम्ही इथे एकत्रच राहत असाल तर हे पुरावे घरातच असतात: दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त बँक खातं, विम्यात नॉमिनी म्हणून नाव, मुलांचे जन्मदाखले, चार वर्षांतल्या चार वेगळ्या प्रसंगांचे फोटो. लग्नाचा अख्खा अल्बम स्कॅन करून पाठवायची गरज नाही.

जोडीदाराचं आधीच्या लग्नाचं मूल असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नागरिकाच्या पिटिशनमध्ये मूल आईच्या किंवा वडिलांच्या अर्जावर आपोआप जात नाही. त्याच्यासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो आणि तुमचं लग्न ते मूल १८ वर्षांचं होण्याआधी झालेलं असावं लागतं. तुमचं स्वतःचं मूल मात्र जन्मतःच अमेरिकन नागरिक असू शकतं. ते तुम्ही त्याच्या जन्माआधी अमेरिकेत किती काळ राहिलात यावर ठरतं. तसं असेल तर त्याला पिटिशन नाही, थेट अमेरिकन पासपोर्ट लागतो.

मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये थेट अर्ज करता येतो का?

एके काळी परदेशातल्या यूएससीआयएस कार्यालयांत आय-१३० थेट देता येत असे. फेब्रुवारी २०२० पासून ती नेहमीची वाट बंद झाली. आता दूतावास किंवा कॉन्सुलेट फक्त अपवादात्मक परिस्थितीत अर्ज स्वीकारतं: वैद्यकीय तातडी, जिवाला धोका, किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या नागरिकाला अचानक अमेरिकेत नवी नोकरी वा बदली मिळाली आणि रुजू व्हायला फारच थोडा वेळ आहे, असं काही. शेवटचं कारण आपल्याकडच्या आयटीतल्या मंडळींना खरोखर लागू पडू शकतं. कंपनीचं पत्र हाती असेल तर विचारून पाहायला हरकत नाही. पण ‘लवकर हवंय’ एवढं कारण पुरत नाही.

पायरी २: महाराष्ट्रातले कागद आत्ताच सरळ करा

पिटिशन मंजूर व्हायची वाट बघत बसू नका, कारण आपल्याकडे वेळ खातात ते नावांचे घोळ.

मराठी मुलीचं नाव लग्नाआधी स्वतःचं, वडिलांचं आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, आणि काही घरांत पहिलं नावही बदललेलं. दहावीचं सर्टिफिकेट एका नावाने, आधार दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या. फॉर्ममध्ये ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो, तिथे ही सगळी नावं लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण राहून गेलं तर मुलाखतीत प्रश्न येतो.

जन्मदाखल्यावर जुन्या नोंदींत कित्येकदा बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’ किंवा ‘पुरुष’. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून नवा दाखला घ्या. नोंदच सापडत नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घेऊन जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. लग्नाचा दाखला विवाह निबंधकांचाच हवा. मंगल कार्यालयाची पावती, लग्नपत्रिका किंवा देवस्थानचं प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही. गोव्यात झालेलं लग्न असेल तर सिव्हिल रजिस्ट्रारच्या नोंदीचा उतारा घ्या. जो कागद फक्त मराठीत आहे त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या निवेदनासह, जोडा.

पायरी ३: एनव्हीसी

आय-१३० मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी) जाते. इथे ३२५ डॉलर व्हिसा फी आणि १२० डॉलर अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्टची फी भरायची, जोडीदाराने डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि कागद अपलोड करायचे. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. जोडीदार वयाच्या १६ वर्षांनंतर दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर राहिला असेल तर तिथलंही लागतं. इथे वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद व्हायची नोटीस येऊ शकते. उत्तर देत राहा.

पायरी ४: आय-८६४ आणि डोमिसाइल

राहण्याची अट लागते ती इथे. आय-८६४ म्हणजे जोडीदाराच्या खर्चाची जबाबदारी घेणारं तुमचं प्रतिज्ञापत्र, वर आलेलं अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. कायदा म्हणतो, हे प्रतिज्ञापत्र देणारा अमेरिकेत डोमिसाइल असलेला हवा; म्हणजे त्याचं राहतं घर तिथे आहे आणि नजीकच्या भविष्यात ते टिकवायचा त्याचा इरादा आहे. आपल्याकडे सेतू कार्यालयातून डोमिसाइलचा दाखला निघतो, तसा तिथे कुठलाही दाखला निघत नाही. किती दिवस राहायला हवं याचा ठरावीक आकडाही नाही. पुराव्यांचा गठ्ठा बघून अधिकारी ठरवतो.

फॉर्ममध्ये डाकेचा पत्ता, राहता पत्ता आणि त्याखाली डोमिसाइलचा देश असे वेगवेगळे रकाने आहेत. राहता पत्ता पुण्याचा आणि डोमिसाइल अमेरिका, असं असू शकतं, पण मग त्याचं लेखी स्पष्टीकरण आणि पुरावे जोडावेच लागतात. ते न जोडल्यामुळेच इथल्या फाइली अडकतात.

इथे राहणाऱ्याला तीन वाटा आहेत. आपली कुठली ते आधी ठरवा, कारण पुरावे त्याप्रमाणे बदलतात.

पहिली वाट: डोमिसाइल कधी सोडलंच नाही. ठरावीक मुदतीसाठी आलात, शिकायला, प्रोजेक्टसाठी किंवा आईच्या आजारपणात, आणि तिथले धागे शाबूत ठेवलेत. चालू बँक खातं, दरवर्षीचं टॅक्स रिटर्न, तिथलं घर किंवा सामान ठेवलेलं स्टोरेज, ड्रायव्हिंग लायसन्स, बाहेर राहून केलेलं मतदान, हे सगळं उपयोगी पडतं. दहा वर्षं इथे राहून ‘तात्पुरता आलोय’ म्हणणं मात्र पटवून देणं अवघड.

दुसरी वाट: नोकरीमुळे कायद्यानेच डोमिसाइल मानलं जातं. अमेरिकन सरकार, मान्यताप्राप्त अमेरिकन संशोधन संस्था, काही आंतरराष्ट्रीय संघटना, किंवा अमेरिकेच्या परदेशी व्यापाराच्या वाढीत गुंतलेली अमेरिकन कंपनी यांच्या कामासाठी परदेशी नेमणूक असेल तर ही सवलत आहे. कंपनीचं नाव अमेरिकन आहे म्हणून आपण यात बसतो असं गृहीत धरू नका. कंपनीची मालकी, तुमची नेमणूक आणि कामाचं स्वरूप सांगणारं एचआरचं पत्र घ्या.

तिसरी वाट: डोमिसाइल नव्याने उभं करतोय. परतलेल्या बहुतेकांची हीच असते. यात जोडीदार अमेरिकेत प्रवेश करेल त्या दिवसापर्यंत तुमचं डोमिसाइल तिथे झालेलं असेल, हे दाखवायचं. तुम्ही आधी जाऊ शकता किंवा दोघं एकाच विमानाने जाऊ शकता. जोडीदार आधी आणि तुम्ही नंतर, हे मात्र चालत नाही.

नुसतं ‘आम्ही जाणार आहोत’ म्हणून भागत नाही, पावलं उचललेली दिसली पाहिजेत. नोकरीचे अर्ज, मुलाखतींचे ईमेल, ऑफर लेटर. घर शोधल्याचा पत्रव्यवहार किंवा भाडेकरार. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं सहीचं पत्र आणि त्या पत्त्याचं वीजबिल. तिथल्या बँक खात्यात पाठवलेले पैसे. मुलांच्या शाळाप्रवेशाची चौकशी. आणि इथला गाशा गुंडाळत असल्याच्या खुणा: राजीनामा, फ्लॅट रिकामा करण्याची नोटीस, गाडी विक्रीचा व्यवहार, सामान पाठवणाऱ्या कंपनीचं कोटेशन. नातेवाइकाचं पत्र चालतं, पण सगळा भार त्या एका पत्रावर टाकू नका.

यांच्या सोबत एक पानाचं पत्र लागतं. इंग्रजीत लिहायचं, पण मजकूर साधारण असा असावा:

‘मी अमेरिकन नागरिक आहे. २००८ ते २०१९ मी टेक्ससमध्ये राहत होतो. वडिलांच्या आजारपणामुळे २०१९ मध्ये पुण्यात आलो. आता आम्ही कायमचे अमेरिकेत राहायला जात आहोत. पत्नीला व्हिसा मिळाल्यावर आम्ही सोबत प्रवास करू. सुरुवातीला माझ्या बहिणीच्या घरी, या पत्त्यावर, राहू. मी अमुक तारखेपासून नोकरी शोधत आहे. पुरावे सोबत क्रमाने जोडले आहेत.’

एवढंच. कळवळ्याची भाषा नको, देशप्रेमाच्या ओळी नकोत. प्रत्येक वाक्याला मागे एक कागद हवा. ज्या वाक्याला कागद नाही ते वाक्य काढा किंवा कागद मिळवा.

म्हणूनच सांगतो, डोमिसाइलची फाइल आय-१३० भरला त्याच आठवड्यात उघडा. मधले महिने हातात आहेत. मुलाखतीची तारीख आल्यावर धावपळ करून जमवलेले पुरावे एकाच पंधरवड्यातले दिसतात आणि त्यांचं वजन कमी पडतं. बाहेर राहणारा नागरिक शेवटी राहत होता त्या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, ते करून टाका. हा सल्ला फक्त नागरिकांना. ग्रीनकार्डधारकाने मतदार नोंदणी करणं हा गंभीर गुन्हा ठरतो, कार्डही जाऊ शकतं.

पायरी ५: उत्पन्न, जॉइंट स्पॉन्सर आणि टॅक्स

उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे दोघांच्या कुटुंबासाठी ते वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होतं; अलास्का आणि हवाईत जास्त. आकडा दरवर्षी बदलतो, आय-८६४पी या तक्त्यावर ताजा पाहा. पुण्यातला पगार कितीही असला तरी अमेरिकेला गेल्यावर तो त्याच मालकाकडून चालू राहणार असेल तरच धरतात. ऑफर लेटर डोमिसाइलसाठी उत्तम, पण उत्पन्नासाठी त्याच्यावर विसंबू नका.

उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ता पुरते, पण ती वर्षभरात रोख करता आली पाहिजे. बाणेरच्या फ्लॅटचं मूल्यांकन जोडत असाल तर त्याचे पैसे भारताबाहेर नेता येतील हेही दाखवावं लागेल. मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड त्या मानाने सोपे.

दुसरा मार्ग जॉइंट स्पॉन्सरचा: अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नातेवाईक वा मित्र. मोठा गैरसमज इथेच आहे. जॉइंट स्पॉन्सर उत्पन्नाची कमतरता भरून काढतो, तुमच्या डोमिसाइलची नाही. पिटिशनरचं डोमिसाइल सिद्ध झालं नाही तर डेट्रॉइटच्या काकांचा पगार कितीही असू दे, काम होत नाही. आणि काकांना सही करण्याआधी हे सांगा की ही जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा सोशल सिक्युरिटीच्या हिशेबात कामाच्या ४० तिमाही भरेपर्यंत ती राहते. कायमचं देश सोडणं किंवा मृत्यू, हे बाकीचे मुख्य शेवट. नात्यातल्या माणसाला अंधारात ठेवून सही घेऊ नये.

टॅक्सचं वेगळं बघा. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर नागरिकाला जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेचं रिटर्न भरावं लागतं, कर शून्य निघाला तरी. इथे आल्यापासून भरलंच नसेल तर आय-८६४ आधी सीएला नव्हे, अमेरिकन टॅक्स जाणणाऱ्याला गाठा. नकळत राहून गेलेल्यांसाठी आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याची, स्ट्रीमलाइन्ड पद्धत आहे: मागची ३ वर्षांची रिटर्न्स आणि ६ वर्षांचे एफबार. एफबार म्हणजे परदेशी खात्यांची माहिती, सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं असेल तर द्यायची.

पायरी ६: मुलाखत आणि प्रवास

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये होते. त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी. पिटिशनर म्हणून तुम्हाला मुलाखतीला बोलावत नाहीत. म्हणून डोमिसाइलचे प्रश्न जोडीदारालाच विचारले जातात: नवरा सध्या कुठे आहे, कधी जाणार, कुठे राहणार, काम काय करणार. पत्रात लिहिलंय तेच उत्तर तिच्या तोंडी सहज यायला हवं. आदल्या रात्री दोघांनी बसून फाइल वाचा, आणि नवे पुरावे, अगदी मागच्या आठवड्यातले, मूळ प्रतींसह सोबत द्या.

पुरावे कमी वाटले तर अधिकारी २२१(जी) ची चिठ्ठी देतो. केस तिथे संपत नाही. मागितलेले कागद वर्षभराच्या आत दिले तर फाइल पुढे सरकते. अशा वेळी तुम्ही स्वतः पुढे जाऊन भाडेकरार करणं, नोकरीला लागणं हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. एकट्याने आधी जायची वेळ आलीच तर ती इथे, शेवटच्या टप्प्यावर यावी.

व्हिसाची मुदत सहसा सहा महिन्यांपर्यंत, तपासणीच्या तारखेनुसार कमीही असते. निघण्याआधी यूएससीआयएसची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, ती २३५ डॉलर आहे. विमानतळावर दोघं एकत्र एकाच काउंटरला जा. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर जोडीदाराला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अट काढून टाकण्याचा अर्ज भरावा लागतो. लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ आला असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर तिकीट तो उलटल्यावरचं काढा. थेट दहा वर्षांचं कार्ड येईल.